कपाळाला लावलेली पोथी

फुनाबोरी, रविवार, ९ नोव्हेंबर

अजून डोकं तापलेलंच आहे. नीलेशचे साहेब मोरी-सान यांच्याबरोबर प्रदर्शनाला गेलो होतो. शेकडो वर्षांपूर्वी एका जर्मन ननने करवून घेतलेली प्रार्थनेची पोथी, पानोपानी सोन्याचं काम. एका चित्राच्या कोपऱ्यात तिने स्वतःलाही रंगवून घेतलंय, अंगठ्याएवढी, गुडघे टेकलेली.

शेजारी हाताळायला नक्कल होती. मी चाळली आणि मिटताना सवयीने कपाळाला लावली. माझी टिकली तिच्यावरच चिकटली! तिथली मुलगी धावत आली. नीलेश हसत मोरी-सानना जपानीत म्हणाला, "बायको घरीच असते ना, तिला काही कळत नाही."

मला कळत नाही? मी त्या मुलीला जपानीतच सांगितलं, "माफ करा. आमच्याकडे पोथी वाचून झाली की कपाळाला लावतात."

नीलेश ट्रेनमध्ये म्हणतो, "तू एवढं जपानी कधी शिकलीस?"

दर गुरुवारी क्लासला जाते, तिथे काय भजनं म्हणते असं वाटलं याला?

कोपऱ्यातली ती अंगठ्याएवढी बाई मला शेकडो वर्षांनी दिसली. मी तर रोज याच्यासमोर जेवायला बसते.