बोटावरून ओळखलं

ताई,

जिन्यातलं रक्त माझं नाही, घाबरू नकोस. दार मात्र कामातून गेलंय.

कामाच्या अर्जाला चेहऱ्याचा फोटो लावू नकोस, नवरा माग काढत येईल, असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं. फक्त हातांचा व्हिडिओ पाठवला, काजं करतानाचा. शिवणकामाच्या दुकानातल्या बाईंना तो इतका आवडला की मला कामावर घेतलं आणि न विचारता तो दुकानाच्या जाहिरातीत टाकला. त्यात नवऱ्याने माझं वाकडं बोट ओळखलं. ओळखणारच, दारात चेपून त्यानेच मोडलं होतं.

आज दुकानापासून माझ्या मागे आला, लाथा घालून दार तोडलं. केस धरून मला भिंतीवर आपटलं. इस्त्री तापलेली होती, तीच त्याच्या गालावर दाबली. बोंबलत पळाला आणि जिन्यावरून तोंडावर पडला.

मी पोलीस चौकीत जातेय. तूही थेट तिथेच ये. मागे माझं तोंड सुजलं होतं तेव्हा तू काढलेले फोटो घेऊन ये. पुसून टाक म्हणून मी खेकसले होते तेच. पुसले म्हणाली होतीस, पण तू कुठली पुसतेस.