दर रविवारी येईन म्हणालो

ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

काल वेगवान रेल्वेच्या मागणीसाठी सभा होती. माइक माझ्यापुढे आला आणि मी बोलून गेलो, "ही गाडी झाली, तर मी दर रविवारी आईला भेटायला जाईन!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेजारच्या आजोबांनी मात्र हळूच विचारलं, "आत्ताची गाडी तिकडे जात नाही का?"

जाते, ताई. रोज माझ्या खिडकीखालून जाते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात ते टीव्हीवर दाखवणार आहेत. आईला बघू देऊ नकोस. ती खरं धरेल, आणि रूळ पडायच्या आधीच दर रविवारी माझं ताट वाढून बसेल.

तुझा,
धाकटा