संमतीपत्र

ईलिंग, लंडन
रविवार, १७ नोव्हेंबर १९७४

सौ. ईवावहिनींना एलिशेबाचा शालोम.

तुमचं पत्र बुधवारी पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. शाळेचे जिने मात्र जपून चढा. इथे थंडी सुरू झाली आहे. माझी तब्येत ठीक.

लॅबमधली एक बातमी आहे. आम्हाला एक नवं खनिज मिळालंय, फॉस्फेट. कॉर्नवॉलमधल्या बंद पडलेल्या खाणीच्या ढिगाऱ्यातला दगड आणि त्यावर मोहरीएवढे हिरवट निळे स्फटिक. तुम्ही नेहमी विचारता ना, दिवसभर करतेस तरी काय? स्फटिकावर एक्स-रे सोडायचे, फिल्मवर ठिपके उमटतात, ते मोजून आत कुठला अणू कुठे बसलाय ते शोधायचं. फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन, अशा चौकड्या ॲल्युमिनियमने सांधलेल्या. मध्ये बोगदे आणि बोगद्यांत पाणी. त्यातल्या एका जागेने मला चार महिने छळलं. तिथे पाणी आहे असं धरलं तरी आकडे जुळेनात, नाही धरलं तरी जुळेनात. शेवटी कळलं, निम्म्या घरांत ते आहे, निम्म्यांत नाही. आमच्या शास्त्रात तसं लिहायची सोय आहे.

खनिजाच्या नावाच्या फॉर्मवर मात्र ती सोय नाही. ज्याला दगड सापडला त्याचंच नाव देऊ, असं प्रोफेसर म्हणाले. नियम असा की माणूस हयात असेल तर त्याचं संमतीपत्र जोडायचं, मयत असेल तर तसं लिहायचं. त्यांनी सहज विचारलं, "आहेत का हो ते?" मी फॉर्म घरी घेऊन आले.

वहिनी, दगड तुमच्या हिलेलला सापडला होता.

समुद्रात जाण्याआधी दिला असेल, असं तुम्हाला वाटेल. त्याचे कपडे किनाऱ्यावर मिळाले ते ६६ साली. दगड मला पोस्टाने आला ६८ साली. लेस्टरचा शिक्का, मागे पत्ता. आत चिठ्ठी: "एली, हे काय आहे बघ. कोणाला सांगू नकोस."

मी कोणाला सांगितलं नाही.

आठ वर्षं मी तुमच्या पाकिटावर 'सौ.' लिहिते आहे. आईला त्याचा राग यायचा. तुम्ही मात्र लिहिलंत, "एक तुझीच श्रद्धा ढळली नाही." पहिली दोन वर्षं श्रद्धा होती, वहिनी. नंतर माहिती होती.

आणि ७० साली तुमच्या शाळेतल्या राफाएलसरांनी तुम्हाला मागणी घातली, तेव्हा काय करू म्हणून तुम्ही फक्त मला विचारलंत. मी एका शब्दाचं उत्तर पाठवलं: "थांबा." नवरा जिवंत असताना तुमचं दुसरं लग्न होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावते. भावाला वाचवत होते, हे जास्त खरं. राफाएलसर इस्राएलला गेले, तिकडे त्यांचं लग्न झालं, हेही तुम्हीच कळवलंत, इतक्या नीटनेटक्या अक्षरात की मला ते पत्र दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

गेल्या रविवारी लेस्टरला गेले. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत घर आहे. दार त्यानेच उघडलं. केस पिकलेत. दाराशी छोटे रबरी बूट होते. मुलगी पाच वर्षांची आहे. ती आणि तिची आई बाहेर गेल्या होत्या. मी फॉर्म पुढे केला.

"दगडाला माझं नाव?" तो हसला. मग खाली वाचून म्हणाला, "मयतवर टिक कर. सगळ्यांना सोपं पडेल."

"वहिनीला?"

"ती सावरली असेल गं."

"ती अजून सौ. आहे, हिलेल. मीच लिहिते."

त्याने फॉर्म घडी घालून मला परत दिला. मग म्हणाला, "चहा घेशील?"

मी पर्समधून दुसरा कागद काढला. इथल्या रब्बींकडून लिहून आणला होता. तुम्हाला गेट, म्हणजे धर्माप्रमाणे सोडचिठ्ठी, द्यायला तो तयार आहे, असं त्यावर होतं. म्हटलं, "दगडाला खाणीचं नाव देते मी. तू सही इथे कर."

"मग ईवाला कळेल."

"मी तिला लिहिणारच आहे. सहीसकट की सहीविना, एवढंच तू ठरव."

त्याने सही केली. चहा मी घेतला नाही.

तो कागद सोबत जोडला आहे. सही मराठीत आहे, तुम्ही ओळखाल. तिथल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. पुढचं काय ते इथले रब्बी त्यांना कळवतील. मुलीचं नाव मी त्याला विचारलं नाही, तुम्हीही मला विचारू नका.

माफी मागायला हात धजत नाही. लंडनहून लेस्टर दोन तासांवर आहे, वहिनी. सहा वर्षं मी तिकीट काढलं नाही.

हिलेलची बहीण,
एलिशेबा