दहा लाख एक

शुक्रवार पेठ, सोलापूर
श्रावणातला रविवार, १९७४

दहा लाख एक ही अविभाज्य संख्या आहे, असं काल वर्गात ठणकावून सांगितलं. शंभरपर्यंत कशानंच भाग जात नव्हता, मग पुढं कशाला बघायचं? आज संध्याकाळी हिलाही तेच ऐकवलं. ही उद्याच्या पूजेसाठी बेलाची एकशे एक पानं मोजत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शंभरावरच का थांबलात? देवाला बी शंभरावर एक जास्तच वाहतो की."

हसत हसत एकशे एकनं भागून पाहिलं. बाकी शून्य! पुन्हा भागलं. शून्यच. मास्तर म्हणवतो मी?

तरी राग येईना, उलट मजाच वाटतेय. उद्या आधी फळ्यावर चूक कबूल करायची. पूजेतलं शंभरावरचं पान मात्र मीच वाहणार, हिला सांगून ठेवलंय.