समुद्राच्या अलीकडचा मुक्काम

प्रिय धाकटे,

एका शिंप्याच्या दुकानावर भाड्यानं मिळालेल्या खोलीत बसून हे पत्र लिहिते आहे. दुपार आहे, त्यामुळे खालची शिलाई मशीनसुद्धा गप्प आहे. या देशात दुपारी माणसं, मशीन आणि कुत्री सगळी एकदमच थांबतात, आणि जे थांबत नाहीत त्यांच्याकडे लोक काळजीनं बघतात. छताचा पंखा फिरतोय, पण कुणीतरी जबरदस्तीनं कामाला लावल्यासारखा. फरशीवर ओली चादर टाकून दोन्ही पोरं झोपली आहेत. तुझी भिंगरी पालथी, हातपाय चारही दिशांना पसरून, आणि माझा मुंगळा तिच्या पाठीवर एक पाय टाकून. कितीही वेळा बाजूला केला तरी तो झोपेत सरकत सरकत तिला जाऊन चिकटतो. त्याला हे नाव आम्ही उगाच नाही ठेवलं. तुझे भाऊजी सायकलची ट्यूब शोधायला गावात गेलेत. म्हणजे मला निवांतपणे लिहायला मिळेल. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू आधी इथलं हवामान विचारतेस, मग माझा आवाज भरून येतो आणि मग तुला अचानक काहीतरी काम आठवतं.

आम्ही सायकलींवर निघालोय हे ऐकून तू म्हणाली होतीस की ताई, तुम्हाला वेड लागलंय. ते आता मला पटायला लागलंय. भाऊजींचं छापखान्यातलं मशीन बसवण्याचं काम संपलं, नवं सुरू व्हायला अवकाश आहे, आणि पोरं होण्याआधी आम्ही दोघं असेच हिंडायचो म्हणून ही हौस पुन्हा उसळली. या देशातले लोक समुद्रावर गाडीनं जातात, आम्ही घामानं चाललोय. मुंगळा माझ्या मागच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेला असतो आणि सगळा वेळ माझ्या पाठीशी गप्पा मारतो. भाऊजींच्या सायकलीमागे अर्धी सायकल जोडली आहे. पुढचं चाक नाही, बाकी सगळं आहे. भिंगरी त्यावर बसते. सामानाच्या ताडपत्रीच्या पिशव्या मी घरीच शिवल्या. त्यांतल्या एकीचा बंद पहिल्याच दिवशी निघाला आणि भाऊजी त्यावरून मला अजून चिडवतात.

आमचा दिवस असा असतो. उजाडायच्या आत सामान बांधायचं, पोरांना अर्धवट झोपेतच सायकलींवर चढवायचं आणि ऊन चटकायला लागेपर्यंत जेवढं जमेल तेवढं अंतर कापायचं. सकाळचा तो वेळ इतका सुंदर असतो की मला तुझी फार आठवण येते. रस्ता रिकामा, हवेत जरासा गारवा, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली शेतं, आणि पुढून भिंगरीचा आवाज. ती पेडल मारता मारता जे दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घेते. म्हैस, पूल, शाळा, मेलेला बेडूक. मग ऊन चढतं. डांबर मऊ होऊन चाकांना धरून ठेवायला लागतं, हँडलला हात लावला की चटका बसतो, बाटलीतलं पाणी चहा करण्याइतकं तापतं. मग जी पहिली सावली दिसेल ती आपली. शाळेचा व्हरांडा, न्हाव्याचं दुकान, बसथांबा, एकदा तर रंगाऱ्याच्या गोदामात आम्ही डब्यांच्या मध्ये झोपलो. मानेवर ओला पंचा, मीठ-साखरेचं पाणी, आणि मुंगळ्याची न संपणारी भुणभुण की समुद्र आला का.

एक गंमत सांगते. इथली भाषा भिंगरीला आमच्यापेक्षा चांगली येते, शाळेत शिकली ती. त्यामुळे जिथे थांबू तिथे आमची वकिली तीच करते. लोक विचारतात, कुठून आलात, कुठे चाललात, ही पोरं कुणाची. ती सगळं सांगते आणि शेवटी न विचारता सांगते की माझी आई दात बनवते. लोकांना आधी कळत नाही. मग ती स्वतःच्या पडलेल्या दाताच्या खिडकीत बोट घालून समजावते की म्हाताऱ्या माणसांचे दात पडले की माझी आई साच्यात ओतून नवे करते, वरचे वेगळे, खालचे वेगळे, हिरड्यांचा रंगसुद्धा देते. एका गावात पाणी भरायला थांबलो होतो, तिथल्या आजीबाईंनी हे ऐकून तोंडाचा पूर्ण आ केला आणि आत वाकून बघायला लावलं. भिंगरीनं मोठ्या डॉक्टरच्या थाटात पाहिलं आणि सांगितलं की सगळेच लागतील, मी आईला कळवते. तेव्हा तुमच्या कवळ्यांच्या कारखान्यात तुझ्या नावावर एक गिऱ्हाईक आलंय, लक्षात ठेव. मी हसले खूप. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं की तू तिथे कामाला लागलीस ती भिंगरी इकडे आल्यानंतर. तुझं ते टेबल, तो साचा, ती छोटी कानस तिनं कधी पाहिलेली नाही. फोनवर तू जे तुटक तुटक सांगितलंस तेवढ्यातून तिनं अख्खा कारखाना उभा केलाय.

धाकटे, तुला ते जुने दिवस आठवायला लावायची माझी इच्छा नाही, पण थोडं लिहावं लागेल. भिंगरीच्या बाबांनी दुसरं घर केलं आणि तू अंथरूण धरलंस. तेव्हा मी आले होते. तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस आणि ही चार वर्षांची पोर तुझ्या उशाशी भातुकली मांडून, तुझ्या तोंडाशी रिकामी वाटी नेऊन, थोडं तरी खा म्हणायची. डॉक्टरांनी तुला दवाखान्यात ठेवायचं सांगितलं आणि मी तिला उचलून आणली. थोडे दिवस, असं तूही म्हणालीस आणि मीही. मग भाऊजींची इकडे बदली झाली. थोड्या दिवसांची वर्षं कधी झाली कळलं नाही. तिला आता सातवं लागलंय. मुंगळ्याला तर भिंगरी घरात नव्हती असा एकही दिवस आठवत नाही. तू बरी झालीस, कामाला लागलीस, खोली घेतलीस, खिडकीत कुंड्या ठेवल्यास, हे सगळं ऐकून मला किती आनंद झाला ते मी तुला सांगितलंच. पण प्रत्येक फोनची मला धास्तीही वाटायची, ते मात्र सांगितलं नाही. आता तू तिला मागशील, असं वाटायचं. तू मागितलं नाहीस. मी सुटकेचा निःश्वास टाकायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

आता खरं काय घडलं ते सांगते. आधीच सांगून ठेवते की भिंगरी ठणठणीत आहे, सकाळीच शिंप्याच्या कात्रीवरून मुंगळ्याशी भांडली. गेल्या आठवड्यात वाटेतला एक पूल दुरुस्तीला काढलेला निघाला. वळसा घालून जावं लागलं, आणि त्या वळशाच्या रस्त्याला एक झाड नव्हतं. मिठागरं दोन्ही बाजूंना, पांढरीफटक, डोळे उघडवेनात. आम्हाला वाटलं पुढच्या वळणावर सावली मिळेल, मग त्याच्या पुढच्या. माझ्या लक्षात आलं ते एवढंच की पुढून आवाज येत नाहीये. भिंगरी कशाचंच नाव घेत नव्हती. मी जोर मारून जवळ गेले तर तिचे पाय पेडलवर नुसते फिरत होते आणि चेहरा लालबुंद, कोरडा, घामाचा टिपूस नाही. भाऊजींनी सायकल थांबवली तशी भिंगरी एका बाजूला कलंडली आणि त्यांच्या हातावरच तिला उलटी झाली. भाऊजींनी आमच्याकडचं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. सायकली तिथेच टाकून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आणि मिठाचा एक ट्रक थांबला. ट्रकवाल्यानं एक शब्द विचारला नाही. आम्हाला पुढे बसवलं आणि भोंगा दाबून धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलाच नाही.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक धिप्पाड नर्सबाई. तिनं भिंगरीचे कपडे काढून तिला ओल्या चादरीत गुंडाळलं, काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, हातात सलाईन लावलं आणि मला स्टूल देऊन सांगितलं की तिच्याशी बोलत राहा. मी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. बऱ्याच वेळानं तिनं डोळे न उघडताच हाक मारली, आई. मी म्हणाले, आहे गं, इथेच आहे. तिनं डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं. आणि अगदी शांतपणे, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "तू मावशी आहेस. आई कुठंय?"

खोटं कशाला सांगू, मला लागलं. हिची वेणी मी घालते, हिचे दात मी मोजते, ही तापली की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही, असं सगळं त्या स्टुलावर बसून माझ्या मनात येऊन गेलं. पण ती मला नाकारत नव्हती गं. माझा हात तिनं घट्ट धरलेला होता. त्या हातानं मला धरून ती तुला शोधत होती, एवढंच. संध्याकाळी ताप उतरला, भिंगरीनं केळं मागितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नर्सबाईनं आम्हाला बजावलं की आठवडाभर सायकलीला हात लावायचा नाही. म्हणून हा मुक्काम. ट्रकवाल्यानं दुसऱ्या दिवशी आमच्या सायकली आणि सगळं सामान आणून शिंप्याच्या दारात उभं केलं आणि चहाही न घेता गेला.

काल मी तिचे केस विंचरत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. तिनं आपणहून विचारलं, "आई बरी झाली ना? मग ती येत का नाही?" मी म्हणाले की लांब आहे, काम आहे. नेहमी ती एका उत्तरावर दहा प्रश्न टाकून कान किटवते, आणि काल एकही नाही. तिनं ते उत्तर घेतलं नाही, मला परत दिलं. तेव्हा मी ठरवलं की आज तुला लिहायचं.

आम्ही निघण्याआधी तू फोनवर म्हणालीस की ताई, आता तिला तुझीच म्हण. ती तिथे रुळली आहे, मी पुन्हा पडले तर तिला पुन्हा ते बघायला नको. मी उत्तर दिलं नव्हतं. ते या पत्रात देते आहे. धाकटे, मला हो म्हणायचं होतं. सगळ्या रस्ताभर मी मनातल्या मनात हो म्हणत आले. भाऊजींनाही तेच हवं होतं. त्यांना अजून दोन वर्षं इथलं काम मिळतंय, आणि भिंगरीसाठी शाळेजवळचं घर आम्ही हेरूनही ठेवलं होतं. पण उत्तर नाही असं आहे. तू पुन्हा पडलीस तर मी येईन, मागे आले तशी, त्याची काळजी तू करू नकोस. इथून समुद्राचं गाव जवळ आहे, रस्ता सपाट आहे, आम्ही हळूहळू सावलीसावलीनं जाऊ आणि तिथेच थांबू. तू तिथे ये. तिकिटाचं भाऊजी बघतील, त्यावरून वाद घालू नकोस. कारखान्यात रजा माग, आणि काय कारण म्हणून विचारलं तर मुलीला आणायला जाते आहे असं मोठ्यानं सांग. भिंगरीला मी काही बोललेले नाही, ते तुझ्या तोंडून ऐकू दे तिला. मी तिला विमानात बसवून पाठवू शकले असते, लोक पाठवतात. पण तिचा हात सोडून मागे फिरणं मला जमणार नाही. तो तुला माझ्या हातातून घ्यावा लागेल. म्हणून ये.

तुझी, कायमची तुझीच,
ताई