नलूच्या आईच्या लुगड्यावरची शाई

३ डिसें.
दासगावची नलू आली. आई जाऊन वर्ष झालं. तिचं पांढरं सुती लुगडं घेऊन आलेली. "वहिनी, ह्याची गोधडी करा. वर फुलं लावा."
पुतणीने मुंबईहून आणलेला फ्रीझर पेपर काढला. गुळगुळीत बाजू कापडाला लावून इस्त्री फिरवली की चिकटतो. त्यावर फूल कापायचं, काठ दुमडायचे, कागद सोलून काढायचा. मागे काही राहत नाही.

७ डिसें.
फ्री. पे. संपला. चार फुलं बाकी. बटर पेपर आणायला बाजारात जायचा कंटाळा केला. वर्तमानपत्राचे साचे कापले, लुगड्यावरच ठेवून पाणी शिंपडून इस्त्री दाबली. उचललं तर काळं, उलटी अक्षरं. साबण, लिंबू, सगळं केलं. पसरलं फक्त. झाकावं तर डाग वीतभर, फूल चार बोटं.
शिकायला येणाऱ्या मुलींना मीच बजावते, छापील कागद ओला करून इस्त्रीखाली नको.

८ डिसें.
नलूचा फोन. "झाली का?"
"होतेय गो. लुगड्यावर जुना डाग हाय एक. जात नाय."
कसं बोलले मी.

१२ डिसें.
एमआयडीसीतली पाळी संपवून नलू थेट इथे. डागावर बोट फिरवत बसली. "अक्षरं हायत वहिनी. आईला वाचता येत नव्हतं. तरी पेपर उशाशी ठेवायची, कुणी वाचून दाखवील म्हणून. त्याचीच शाई." रडली. "इथं फूल नको. मोकळं ठेवा."
मी "बरं" म्हटलं. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

१३ डिसें.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तिला बरं वाटतंय ना? मग गप बस."
गप बसून टाके घातले. त्या जागेवरचे टाके दोनदा उसवून परत घातले.

१८ डिसें.
गोधडी नेऊन दिली. नलूने तिथेच गाल टेकला. "नलू, ऐक गो," म्हटलं. ती म्हणाली, "चहा घेऊनच जायचं." चहा घेतला. आले.

२१ डिसें.
नलूचा फोन. मुंबईची थोरली बहीण आलीय. आरशात धरून अक्षरं वाचली म्हणे, कोपऱ्यात तारीख लागली. ह्याच महिन्याची. नलूचा आवाज साधाच. "वहिनी, ताई कायतरी वेगळंच बोलते. तुम्ही येऊन सांगाल का तिला?"
साडेदहाच्या एसटीने निघतेय. नलूच्या समोर बसून पहिलं वाक्य हेच: डाग मी पाडला, सात तारखेला.