माझ्या बाजूच्या गाठी

कैरवान,
१२ फेब्रुवारी २०१६

प्रिय दलेंदा,

सलाम. तू आणि तुझी आई बऱ्या असाल अशी आशा करते. इकडे सासूबाईंचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझ्या लेकीचा, रीमचा साखरपुडा झाला. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितेय. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

एक खरं सांग. ट्यूनिसच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना माझ्याबद्दल तू काही कळवलंस का? मी खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, "हसताना गुडघ्यांतलं बळ जातं? मान लुळी पडते?" मी चपापलेच. हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत? गालिचा विणताना तू मागावर सासूबाईंची नक्कल करायचीस आणि हसता हसता माझी हनुवटी छातीला लागायची, हातातली लोकर कापायची सुरी गळून पडायची. मला वाटायचं, तूच मला काहीतरी खाऊ घालतेस. तुझ्या हातचा चहा मी महिनाभर कुंडीत ओतला. कुंडीतला पुदिना उलट फोफावला, तरी माझा संशय गेला नाही.

बाई म्हणाल्या, "मला कुणी सांगायला कशाला हवं? या आजाराची ती खूणच आहे. दिवसा न आवरणारी झोपही त्यातलीच." नार्कोलेप्सी म्हणतात त्याला. पण तपासणीशिवाय त्या ठाम सांगणार नाहीत. इतकी वर्षं कुणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, सासूबाईंनी धुरी दिली, आणि आमचे हे म्हणायचे, "आळसाला औषध नसतं."

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ त्याच्याभोवती नुसत्या घिरट्या घालतेय.

तू माहेरी गेल्यावर मी एकटीच विणायला बसले. दाराला आतून कडी. तरी संध्याकाळी माझ्या ओळींत तपकिरी लोकरीच्या जागी पांढऱ्या गाठी! पहिला संशय सासूबाईंवर. त्या गुडघ्यांनी खिडकीतून चढून येणं शक्य नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले. मग मागाच्या पाठीमागे जाऊन पाहिलं. गालिच्याच्या उलट्या बाजूला कुणाचा हात लपत नाही, हे तुला सांगायला नको. माझी गाठ डावीकडे ओढलेली असते, तुझी सरळ आणि घट्ट. त्या पांढऱ्या गाठी माझ्याच होत्या. मी झोपत होते आणि माझे हात चालूच राहत होते.

मग रीमच्या लग्नासाठी आपण सहा वर्षांपूर्वी विणलेला गालिचा काढून उलटा केला. मागावर मी बसायचे त्या बाजूला तुझ्या गाठी. इथे चार ओळी, तिथे हातभर. मी तिथेच बसून रडले. म्हणजे त्या दिवशी डुलकीतून माझे डोळे उघडले आणि तुझी सुरी माझ्या ओळींत दिसली, तेव्हा तू काही बिघडवत नव्हतीस. मी बिघडवलेलं उसवून पुन्हा बांधत होतीस.

आणि मी काय केलं? जिच्यासाठी आपण विणायचो त्या लल्ला बेयाला आणि सगळ्या विणकरणींना जमवून तुला सिदी सहबीच्या दर्ग्यात उभं केलं. लल्ला म्हणाली, "घे शपथ, हिच्या ओळींना तू हात लावला नाहीस." तू गप्प. लावला होतास ना, मग कशी घेणार! बाया म्हणाल्या, "बघा, कशी वाचा बसली!" तुझा नवरा, माझा धाकटा दीर, वारल्यावर तुला तो मागच काय तो आधार. आज कैरवानात कुणी तुला मागाशी बसू देत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आम्ही.

माझी शपथ आठवते? 'मागावर माझा डोळा कधी लागला नाही.' दलेंदा, ती खोटी होती, आणि घेताना मला ठाऊक होतं. डुलकी लागून जागी व्हायचे तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलेलं असायचं. झोपाळू विणकरणीला काम कोण देणार? आणि आई आजारी म्हटलं की लेकीचं ठरलेलं लग्न मोडतं. त्या भीतीने मी खोटं बोलले. त्याच भीतीने तू खरं बोलली नाहीस. आधी मला वाटलं, हे गुपित तू कधीतरी माझ्यावर उलटवायला राखून ठेवलंयस. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

येत्या शुक्रवारी दर्ग्याच्या त्याच अंगणात त्याच बायांना बोलावलंय, माझं खोटं कबूल करायला. रीमच्या सासरच्यांनाही निरोप धाडलाय. तू येऊ नकोस, नाहीतर दलेंदाने हिला पढवलं म्हणतील. रीमला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकीचं नाव बुडवून मला संसार नको."

मार्चच्या सात तारखेला तपासणी आहे. दिवसभर दर दोन तासांनी निजवून बघणार. बाई म्हणाल्या, तुम्हाला वर्षानुवर्षं पाहिलेलं माणूस सोबत आणा. हे म्हणतात, मी काही पाहिलं नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या घरात असलं काही नसतं.

पाहिलंय ते फक्त तू. मला माफ करायला येऊ नकोस. माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला ये. त्या दिवशी गिळलेलं सगळं बाईंसमोर बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही.

दर्ग्यात खोटं बोललेली,
तुझी थोरली जाऊ
शाद्लिया